आधी गाई, मग वासरं

आमच्या दूध संस्थेत कडूबाईइतकं हट्टी माणूस दुसरं नाही. आधीची तीन भावंडं दगावली म्हणून आईबापांनी असलं नाव ठेवलं, आणि ही ते ताठ मानेनं सांगते. दुष्काळात संस्थेनं शिरूर कासारजवळ चारा छावणी उघडली, तेव्हा जनावरांच्या नोंदीचा संगणकावरचा प्रोग्राम तिनंच लिहिला. प्रोग्राममधलं एकेक जनावर ती रोज साध्या अक्षरांत नव्या फाईलमध्ये उतरवून पेनड्राइव्हवर ठेवायची: कानातला बिल्ला, रंग, मालक, आईचा बिल्ला. "मशीन जळलं तर यातून समदी परत उभी करीन," म्हणायची. मी संस्थेचा सचिव, मी हसायचो.

मशीन खरंच जळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणी होती, आणि ज्या जनावराला यादीत मालक नाही त्याचा चारा बंद. कडूबाईनं दुसऱ्या संगणकावर फाईल लावली. गाई उभ्या राहिल्या, पण बहुतेक वासरं बेवारस! वासराचा मालक तिनं वेगळा लिहिलाच नव्हता. गाय ज्याची, वासरू त्याचं, ते काय लिहायचं? पण प्रोग्रामला आईच सापडेना.

"मालक हातानं लिहू," मी म्हटलं.

"न्हाई. फाईलीत समदं हाय," म्हणत ती तणतणत दावणीकडं गेली. धारेची वेळ होती. म्हातारी रतनबाई वासरं अडवून उभी होती.

"काहून अडवलीत, मावशी?"

"आदी गाया बांदू दे की! आत्ताच सोडली तर कुनाला लुचतील?"

कडूबाई पळतच परत आली. छावणीत येताना लोक वासरू पुढं धरतात, म्हणजे गाय मुकाट मागं येते. म्हणून बिल्ला आधी वासराला, आणि फाईलमध्येही वासरूच आधी. प्रोग्राम त्याची आई शोधायचा तेव्हा ती आलेलीच नसायची. आता तिनं आधी सगळी जनावरं उभी केली, मग वासरं जोडली.

एकच उरलं, रतनबाईचं. त्याची आई आठवड्यापूर्वी मेली होती, आणि मीच तिला यादीतून काढायला लावलं होतं. कडूबाईनं जुनी फाईल उघडली, त्या गाईची ओळ परत घातली, पुढं 'मेली' असं लिहिलं. वासरापुढं रतनबाईचं नाव उमटलं.

"मेलेली गाय यादीत कशाला?" मी चिडलो.

"चारा मागत न्हाई तिला, सायेब. पर मेली म्हणून ती आईच नव्हती का?"

सकाळी वासरापुढं पेंढी पडली, आणि त्यानंतर मी एकही ओळ खोडायला सांगितलेली नाही.