लांब चोचीच्या पाखराचा आवाज

शेवट ठाऊक नसलेला सिनेमा मी भरल्या छावणीत मोठ्यानं सांगायला बसले, हा माझा गाढवपणा. आता नातवंडं मोबाईलवर कार्टून लावतात तेव्हा मी आधी विचारते, शेवटी काय होतं ते सांगा, मग बघते. ती म्हणतात, आजीला धीर नाही. धीर तेव्हा नव्हता. आता आहे ती भीती.

दुष्काळाचं साल होतं. पाटोद्याच्या अलीकडं साखर कारखान्यानं जनावरांची छावणी उघडली होती. गाळायला ऊसच नव्हता, मग निदान जनावरं तरी जगवू, असा हिशेब असावा. सासू, मी आणि आमच्या दोन म्हशी तिथंच राहायला होतो. छावणीतल्या बायकांनी दूध सोसायटी काढली होती आणि माझी सासू तिची चेअरमन. सगळ्यांचं दूध एकाच कॅनमध्ये पडायचं, जीप तो शीतकरण केंद्रावर न्यायची. जी दूध घालेल तिला सरकी पेंड मिळायची. नुसत्या छावणीच्या वाळल्या कडब्यावर दुभतं जनावर टिकत नव्हतं.

तांड्यावरची एक बाई एकुलती एक म्हैस घेऊन आली होती. तिचं दूध आपल्या कॅनमध्ये नको, असं बऱ्याच जणी म्हणत होत्या. सासूनं कुणाचं न ऐकता तिला घेतलं. मी त्या नको म्हणणाऱ्यांत होते, फक्त सासूसमोर गप्प.

अशात एके संध्याकाळी तालुक्याहून सिनेमाची गाडी आली. एरवी ती कुटुंब नियोजन दाखवायची, या खेपेला पोरांसाठी चित्रांचे छोटे सिनेमे आणले होते. रस्त्याच्या खड्ड्यांनी भोंग्याची वायर तुटली होती. सिनेमावाला म्हणाला, “मुकाच बघावा लागंल.”

“आमची सून सातवी शिकलीय,” सासू म्हणाली. “ती सांगंल.”

मला खुर्ची मिळाली. खुर्ची मिळाली की माझं काय होतं ते तोवर मलाही माहीत नव्हतं.

पडद्यावर तळं होतं, तळ्यात गुबगुबीत बदकं. तेवढ्यात कुठून तरी लांब चोचीचं एक पाखरू आलं. त्याच्या पिसांवर चमचमते ठिपके. मला लगेच तांड्यावरच्या बाईच्या चोळीचे आरसे आठवले आणि पाखराच्या तोंडी मी तिचा आवाज घातला, तिची हेल काढून बोलायची रीत, सगळं. छावणी पोट धरून हसली. ती पुढंच बसली होती. तिनं ओढणी पुढं ओढली. ते मी पाहिलं आणि आवाज आणखी चढवला.

पुढं तळं आटायला लागलं. पाखरू चिखलात चोच खुपसू लागलं. मी म्हणाले, “बगा, तळ्याला भोक पाडलं ह्येनं.” तर त्या भोकातून पाणी वर आलं. शहाणीनं तिथं जीभ चावली असती. मी म्हणाले, “पाणी नासवून ठेवलंय. प्याली की मरत्यात आता.” बदकं प्याली आणि पाखराच्या पंखाखाली शिरून गाढ झोपली. “मेली बिचारी,” मी जाहीर केलं. लहान पोरं रडायला लागली. मला वाटलं, काय आपली कला.

त्या दिवशी कॅन धुण्याची पाळी माझी होती. सोडा टाकून कढत पाण्यानं विसळायचा आणि पालथा घालायचा, अशी रीत. टँकर उशिरा आलेला, त्यात बायका म्हणत होत्या, पुन्हा एकदा तिचा आवाज काढ की. मी आवाज काढत काढत कॅन राखेनं पुसला, ओंजळभर गार पाणी फिरवलं आणि झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जीप तो कॅन परत घेऊन आली. दूध नासलं होतं, सगळ्या सोसायटीचं.

“तिचंच असंल,” एक जण म्हणाली. “पानी नासवनारीचं.”

माझेच शब्द. मग सगळ्याच बोलू लागल्या. उद्यापासून तिचं दूध नको आणि तिला पेंडही नको. सासूनं माझ्याकडं पाहिलं.

“कॅन कढत पान्यानं धुतलास न्हवं?”

“हो,” मी म्हणाले.

“बरं. सकाळी ठरवू.”

तांड्यावरची बाई भांडली नाही. म्हशीच्या बरगड्यांवरून हात फिरवत उभी राहिली. पेंड बंद झाली की ती म्हैस आठवडाभरही दूध देणार नाही, हे मलाच काय, छावणीतल्या पोरांनाही कळत होतं. तिनं एकदाच माझ्याकडं पाहिलं. मी कडब्याची पेंढी सोडायचं नाटक केलं.

सिनेमाची गाडी पंक्चर होऊन तिथंच अडकली होती. दिवेलागणीला पोरांनी हट्ट धरला आणि सिनेमावाल्यानं तीच फिल्म पुन्हा लावली. सासू म्हणाली, “सांग की, कालच्यासारकं.” माझं खोटं तिला कळलं होतं का, ते तिनं मरेपर्यंत सांगितलं नाही.

बायका आधीच खुसुखुसु हसत होत्या. तांड्यावरची बाई मात्र पुढं बसली नव्हती. लांब म्हशीपाशी उभी होती, पण ऐकू जाईल इतक्या अंतरावर. पाखरू आलं.

“कावून बोलत न्हाईस?” मागून कुणीतरी म्हणालं. “आवाज काढ की गं.”

“ह्येच्या गावचं पानी आटलंय,” मी म्हणाले. “म्हनून आलंय हिकडं.”

कुणी हसलं नाही. पाखरानं चिखलात चोच खुपसली, पाणी वर आलं. “पानी चांगलं हाय,” मी म्हणाले.

“काल तर नासलं म्हनलीस.”

“नासलं ते कॅनमधलं. मी कढत पानी घातलंच न्हाई. राखंनं पुसला नुसता.”

पडद्यावर बदकं पंखाखाली शिरली. पुढं बसलेली एक पोरगी शेजारणीला म्हणाली, “मेली न्हाईत गं, निजलीत.”

अंधारातून सासूचा आवाज आला, “सिनेमा हू द्या पुरा. मंग बघते हिच्याकडं.”

तिनं बघितलं. सगळ्या बायकांसमोर बघितलं, आणि त्यात काय काय होतं ते मी इथं लिहिणार नाही.

सकाळी ती बाई चरवी घेऊन कॅनपाशी आली. रांगेतल्या बायका जराशा सरकल्या. तिनं दूध ओतलं, पेंडीचं पोतं काखेत मारलं. मी कॅनचं झाकण हातात धरून उभी होते. ते तिनं माझ्या हातून काढून घेतलं आणि म्हणाली,

“माजा आवाज लई वाईट काढतीस तू. सांच्याला धारंला बस माज्याजवळ, नीट आइकून घे. आन् कॅनला हात लावू नको, त्यो मी धुते.”