मरव्याच्या कुंडीतली माती

अकोल्यात जठारपेठेतल्या आमच्या गॅलरीत बायकोनं लावलेला मरवा आहे. दवाखान्यात जायला ती निघाली तेव्हा खाली रिक्षा थांबली होती, तरी तिनं कुंडीतली माती बोटांनी दाबून बसवली. ती परत आली नाही. नंतर मी पाणी कडेकडेनंच घालायचो, तिच्या बोटांचे खळगे बुजू नयेत म्हणून.

लेकीला अमरावतीला तोच मरवा हवा होता. मी काड्या खुडून विकतच्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या भुशात, लावल्या. मुळं फुटली, पण रोपं खुरटीच राहिली. पान चुरगळलं तरी वास जेमतेम यायचा. मग वाचनात आलं की झाडाच्या मुळांशी एक उपकारक बुरशी राहते. मुळं पोहोचत नाहीत तिथून तिचे बारीक धागे पाणी आणि स्फुरदासारखी पोषकद्रव्यं आणून देतात. त्यानं झाड वाढतं, कधी सुगंधही वाढतो. जुन्या झाडाच्या मुळाजवळची मूठभर माती दिली तर ती बुरशी नव्या रोपालाही लागते.

लेक रोपं न्यायला आली, तेव्हा मी कुंडीपाशी नुसताच बसलो होतो.

"बाबा, काहून थांबले? आई असती तर आतापावेतो अर्ध्या गल्लीले वाटून मोकळी झाली असती."

"तिचा हात लागला हाये त्या मातीले."

"मले मालूम आहे. म्हणून तर मागून राहिली."

मी मातीत हात घातला.

अमरावतीचा मरवा आता दाट झालाय. घरभर वास येतो, असं लेक फोनवर सांगते. इकडच्या कुंडीत माझ्या मुठीएवढा खड्डा आहे. तो मी अजून भरलेला नाही.