न सापडलेला बिघाड

"आधी दोघांना वेगवेगळं विचारू," असं म्हणत बाई अंबाड्यातली एक पिन काढायच्या. कॉम्प्युटरमागून निघालेल्या वायरचं दुसरं टोक मोकळं करायच्या, त्यातले दोन काटे त्या पिनेने जोडायच्या आणि कीबोर्डवर एक अक्षर दाबायच्या. ते अक्षर फिरून पडद्यावर उमटलं, की म्हणायच्या, "हा बहिरा नाही, मुकाही नाही. आता त्याला विचारू." 'तो' म्हणजे शीतगृहाच्या दारावरचा, तापमान मोजणारा डबा.

मिरकरवाड्याच्या वरच्या अंगाला आमचा कोळंबी गोठवायचा कारखाना होता. मी तिथे कचेरीत होतो. शीतगृहाचं तापमान कचेरीतल्या पडद्यावर दिसावं अशी सोय शेठनी करून घेतली, ती या बाईंनी बसवली. डब्याचं आणि कॉम्प्युटरचं बोलणं बंद पडलं की त्यांना फोन जायचा. मग चढावरून लुनाचा आवाज यायचा.

आमचे वॉचमन तात्या पूर्णगडचे, म्हातारे आणि तोंडाळ. म्हणायचे, "बाय, पिना सरल्या म्हणजे काय करशील गो?"

"तुमच्या उसन्या घेईन, तात्या."

तात्यांना पूर्ण टक्कल होतं. सगळ्यांत जास्त हसायचे तेच.

एकदा डबा काही केल्या बोलेना. तात्या दारात घुटमळत होते. शेवटी म्हणाले, "बाय, त्या वायरीवर माझा वला टावेल मीच वाळत घातला. वायर खाली आली, मी तशीच खोचून ठेवली."

बाईंनी हात जोडले. "बरं झालं सांगितलंत. माझा दिवस वाचला." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "यंत्रांना उलटसुलट विचारावं लागतं, भाऊ. माणूस सांगतो."

तुम्ही अशी माणसं पाहिली असतील. आपण त्यांना भोळी म्हणतो, कारण ते आपल्या सोयीचं असतं.

खंडेनवमीला आम्ही यंत्रांची पूजा करायचो. हळदीकुंकू, झेंडूच्या माळा. कॉम्प्युटरचं तोंड पश्चिमेला होतं. भटजी म्हणाले, पूर्वेला करा. मी टेबल फिरवलं. वायर पुरेना, म्हणून ती मागून उपटली. पूजा झाल्यावर टेबल परत फिरवलं आणि प्रसादाला गेलो. वायर मागे लोंबत राहिली.

पडद्यावर उणे वीस दिसत होतं ते दिसतच राहिलं. नवा आकडा आला नाही तर कॉम्प्युटर जुनाच दाखवतो, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. दसऱ्याच्या सुट्टीत कॉम्प्रेसर बंद पडला. तात्या खिडकीतून उणे वीस बघत आणि निर्धास्त गेटवर जाऊन बसत.

सुट्टीनंतर शीतगृहाचं दार उघडलं तर वास आला. कोळंबी मऊ पडली होती. सगळे तिकडे धावले. मी कचेरीत गेलो, टेबलामागे वाकलो आणि वायर जागेवर बसवली. आकडा लगेच बदलला.

बाई आल्या. पिन लावून पाहिली, डबा तपासला. दोघंही खरं बोलत होते. मग त्यांनी स्वतःच मागची वायर उपटली. आकडा गोठला. त्या माझ्याकडे वळल्या. शेठ शेजारीच उभे होते.

"भाऊ, ही कुणी काढली होती का? अगदी चुकून?"

"नाही," मी म्हणालो. "कोण काढणार?"

बाईंनी मान हलवली आणि वायर परत लावली. कारण हातात आलं होतं. माझ्या शब्दाखातर त्यांनी ते सोडून दिलं. पुढे रविवारीसुद्धा, कुणी बोलावलेलं नसताना त्या येऊन पडद्यासमोर बसायच्या, धडधाकट यंत्रातला बिघाड शोधत. मी चहा मागवायचो. शेठ एकदा सगळ्यांदेखत म्हणाले, "बाई, बिघाडच कळत नाही तर तुम्ही कशाला हव्यात?" माझी नोकरी राहिली.

पुढे बाईंच्या जागी मुंबईचा माणूस आला. त्याने सगळं सामान बदलून टाकलं. हे कानावर गेल्यावर बाई एका दुपारी आल्या. गेटच्या आत आल्या नाहीत. मलाच बाहेर बोलावलं.

"काम गेलं त्याचं काही नाही, भाऊ. त्यांना काय सापडलं तेवढं सांगा. डोक्यातून जात नाही."

खरं काय ते सांगायचं असं मनाशी ठरवूनच मी बाहेर आलो होतो. तोंडातून निघालं ते असं: "मागची वायर सैल होती, म्हणे."

"घट्ट होती. मी ओढून बघितली होती."

मी खरं सांगितलं नाही. तेव्हाही नाही.

"मग मीच नीट बघितली नसणार," बाई म्हणाल्या, आणि आपल्या दोन्ही हातांकडे बघत राहिल्या.

आता त्या मालगुंडकडे मुलांना टायपिंग शिकवतात, असं ऐकतो. कुणाचं यंत्र बिघडलं आणि त्यांना बोलावलं, तर म्हणतात, दुसऱ्या कुणाला तरी दाखवा, माझ्या नजरेतून सुटतं.