उलट दिशेची बस

अमेरिकेतल्या डुलुथ शहरातल्या एका छोट्या कंपनीत मार्लिस कोस्केला शाळेच्या बसगाड्यांचं ॲप लिहायची. बरीच वर्षं दातांच्या दवाखान्यात काढून चाळिशीत ती प्रोग्रॅमिंग शिकली होती. शाळेत ती गणितात दोनदा नापास झाली होती, हे मात्र तिने इथे कुणाला कळू दिलं नव्हतं. तसं अडलंही नव्हतं. चालकांची नावं, थांबे, सुट्टीचे निरोप, यात गणित कुठे येतंय? तरी कुणी "जरा आकडेमोड करून बघ" म्हटलं की ती घाबरून काहीतरी निमित्त काढून उठायची.

जानेवारीत नकाशावर बसची दिशा दाखवणाऱ्या बाणाचं काम तिच्याकडे आलं. तो सारखा थरथरायचा, म्हणून तिने मागच्या दोन दिशांची सरासरी घेतली. सरासरी तेवढी तिला येत होती. सोमवारी सकाळीच शाळेतून फोन आला. उत्तरेकडे येणारी बस नकाशावर मागे फिरलेली दिसते, आया मुलांना थंडीतून घरात नेतात आणि बस निघून जाते.

मार्लिसने कोड पुन्हा पुन्हा वाचला, चूक सापडेना. शेजारी वेंडेल औने बसायचा, गणिताचा पदवीधर. तिने त्याला बोलावलं.

"हे बघ," तो म्हणाला, "तीनशे पन्नास अंश आणि दहा अंश, दोन्ही जवळजवळ उत्तर दिशाच. तुझी सरासरी येते एकशे ऐंशी. म्हणजे सरळ दक्षिण. इथे साइन-कोसाइन लागणार."

तिने खुर्ची मागे सरकवली. "मला नाही येत ते. दोनदा नापास झालेय मी. सांगून टाक बॉसला."

"मला तरी कुठे आठवतंय? इतक्या वर्षांत आज दुसऱ्यांदा लागतंय. सूत्र शोधू या. पण न समजता चिकटवू नकोस बाई, नाहीतर पुढची बस तळ्यात जाईल."

कागदी ताटलीवर त्याने बाण काढले. कोनांची बेरीज नाही करायची, बाणाला बाण जोडायचा. तिसऱ्यांदा सांगितल्यावर तिला उमगलं आणि तिने कोड बदलला.

दुपारी बस सुटल्या तेव्हा ती न जेवता पडद्यासमोर बसून होती. टेकडीच्या वळणावर बाण जरा हलला आणि उत्तरेलाच राहिला.

"झालं ना?" वेंडेलने विचारलं.

"आज झालं. उद्या काय निघेल?"

"ते मलाही नाही माहीत."

त्या आठवड्यापासून जेवणाच्या सुट्टीत ती त्याच्याकडे शिकायला बसू लागली. धास्ती काही गेली नाही, पण आता ती लपवावी लागत नव्हती.