पुस्तकाचा वास घेऊन पास झालेला माणूस

मी सांगितली नाही अशी गोष्ट मुरबाड तालुक्यात शिल्लक नाही. बिबट्याला शिट्टी मारून रस्ता ओलांडायला लावला, हेही शपथेवर सांगून झालंय. पण एक गोष्ट — खरी होती म्हणूनच असेल — तीस-पस्तीस वर्षं माझ्या तोंडातून बाहेर पडली नव्हती. तुम्ही इंजिनिअरिंगला असाल, किंवा घरातलं कुणी असेल, तर जरा जवळ सरका.

माझी ख्याती ठाऊक आहे ना? पुस्तकाचा नुसता वास घेऊन डिप्लोमा पास झालेला माणूस! पसरवली कुणी? मीच. धसईच्या बाजारात मेथीच्या जुडीवर ती फुकट मिळायची.

नव्वद सालाच्या पुढंमागं मी आणि धसईचा रघू एकाच वर्गात होतो, एकाच एसटीनं कॉलेजला जायचो. दोघंही मराठी शाळेतले. मेकॅनिक्सचा पेपर इंग्रजीत. प्रश्नात भिंतीला शिडी टेकवलीय एवढं कळेपर्यंत घंटा व्हायची. पहिल्या चाचणीत दोघंही आपटलो. मग मी दर रविवारी शहापूरला मावशीकडे मटण खायला जाऊ लागलो — म्हणजे तसं सांगू लागलो. मावशी खरी होती. मटण? कधीमधी. पण तिच्या शेजारी एक निवृत्त मास्तर राहायचे, ते मला कुकरमध्ये घालून शिजवत होते. इंग्रजीला घाबरू नको, आधी आकडे शोध, आकृती काढ, बाण दाखव — आकृतीलाही मार्क असतात — समीकरण त्यातूनच निघतं. शिडीचं गणित त्यांनी मला किती वेळा शिकवलं? ते विचारू नका.

रघूनं विचारलं होतं, "रविवारी मी पन येऊ का रे? दोघं मिळून बघू."

मी म्हटलं, "तिकडं कसला अभ्यास? आमी पुस्तकाचा वास घेतो नि पास होतो!"

त्याला ते खरं वाटलं. वर्ष गेलं त्याचं — इयर डाऊन. घरच्यांनी पुन्हा फी भरली नाही. मी कारखान्यात साहेब झालो, रघू जीप चालवू लागला. आणि माझी ती वासाची कथा पॅसेंजरांना कोण सांगायचं? रघूच. अभिमानानं!

एक थाप मारली, एवढंच ना? मीही स्वतःला हेच सांगत आलो. पण — एवढंच नव्हतं.

गेल्या महिन्यात त्याच्याच जीपनं गावी येत होतो. बाकी पॅसेंजर उतरून गेले होते. पुढं त्याची भाची सुवर्णा बसलेली — डिप्लोमाचं पहिलं वर्ष, मेकॅनिक्सच्या चाचणीत नापास. रघू म्हणाला, "इंजिनेर, हिला तुझी ती वासाची युक्ती सांग ना रे."

थाप जिभेवर तयार होती, खोटं कशाला बोलू? पण पोरगी वळून बसली होती, शब्द न् शब्द झेलायला. मी म्हटलं, युक्ती नाही. मास्तर सांगितले, रविवार सांगितले, आधी आकृती काढायची ते सांगितलं. अडलं की कुणालाही विचार म्हटलं, लाजू नकोस.

रघूनं जीप कडेला घेतली. "मंग मला का नाय सांगितलंस?"

आता तुमच्यापासून काय लपवू? एकदा एसटीच्या धुकट काचेवर त्यानं तेच शिडीचं गणित बोटानं सोडवलं होतं. मी फक्त प्रश्न मराठीत सांगितला होता. त्या काचेकडे बघतानाच मला कळलं — याला मास्तर मिळाले, तर मी जन्मभर याच्या मागं. मटणाची थाप तिथून सुरू झाली.

म्हटलं, "तू माझ्यापेक्षा हुशार होतास म्हनून."

इतकी वर्षं त्यानं माझ्याकडून भाडं घेतलं नव्हतं. त्यानं हात पुढं केला. "भाडं टाक. आनि उतर."

दिलं. उतरलो. धूळ खाली बसेपर्यंत तिथंच उभा होतो आणि — लाज सोडून सांगतो — मला मोकळं वाटत होतं.

अजूनही मी त्याच्याच जीपमध्ये बसतो. तो भाडं मागतो, मी देतो. वासाची कथा तो आता कुणाला सांगत नाही. सुवर्णा कधी पुढं बसलेली असली, तर मागं वळून शिडीचं विचारते. रघू गाडी हळू करतो, आणि उत्तर माझ्या आधी देतो.