उपरण्याखालचा हात

हे मी आजवर कुणाला बोललेलो नाही. बायकोला नाही, देवापुढेही नाही. आता सांगतोय ते मन हलकं व्हावं म्हणून नव्हे. टाळून टाळून थकलोय, इतकंच.

मी जनावरांचा दलाल. कोल्हापुरात महाराज गादीवर आले तेव्हा माझ्या अंगावर धड बंडी नव्हती. आज गंगावेशीत माझं दुमजली घर आहे. ते मी बोटांवर मिळवलं. आमच्या धंद्यात भाव तोंडाने बोलत नाहीत. उपरण्याखाली हातात हात घ्यायचा आणि बोटं दाबून सांगायचा. समोरच्याची बोटं थरथरली की समजावं, गडी काहीतरी लपवतोय. या खुणेने मला कधी दगा दिला नाही — एकदा सोडून.

अण्णा माझा थोरला भाऊ. म्हशी पाळायचा. दिवाळीच्या पाडव्याला त्याची चंद्री शिंगं रंगवून, कवड्यांचा पट्टा घालून निघाली की तो पुढे पळत हाळी द्यायचा, आणि ती गर्दी कापत त्याच्यामागे धावायची. तेव्हाचं त्याचं हसणं वेशीपर्यंत ऐकू जायचं. माझ्या कुठल्या सौद्यावर मात्र — हे माझं जुनं दुखणं — तो कधी ‘शाबास’ म्हणाला नाही. म्हशीला मिळायचं तेवढं कौतुकही मला मिळालं नाही.

घराची वास्तुशांत झाली. सगळी गल्ली जेवली. अण्णा पानावर नुसता बसून. बासुंदीवर जीव त्याचा, तीही तशीच. चेहरा पाटीसारखा कोरा. मी शेजारी बसलो, चेष्टेने त्याच्या हातावर उपरणं टाकलं आणि आत हात घातला.

“बोल अण्णा, घराचं मोल काय करतोस?”

बोटं थरथरत होती. मुठीत धरलेल्या चिमणीसारखी.

“चांगलं हाय की,” तो म्हणाला. आवाजात काहीच नाही.

मी काय समजावं? जन्मभर जे समजत आलो तेच समजलो. भर पंगतीत ओरडलो, “बघा रं, सख्खा भाऊ जळतोय माझ्यावर! घास उतरंना झालाय त्याच्या गळ्याखाली!”

लोक हसले. त्या वर्षी दिवाळीच्या पाडव्याला अण्णाने चंद्रीला बाहेर काढलंच नाही. गल्लीला तेवढं पुरलं. ‘जळका अण्णा’ हे नाव त्याला कायमचं चिकटलं.

इथवर चूक म्हणा. भडक डोक्याच्या माणसाची चूक. पण मी सांगायला बसलोय ते हे नाही.

काही महिन्यांनी माझ्या गुडघ्यासाठी वैद्यबुवांकडे गेलो होतो. विषय त्यांनीच काढला. “तुझ्या भावाला कंपवात झालाय. हात हलतो ते निदान बघणाऱ्याला दिसतं. गोडी गेली ते कुणाला दिसत नाही. जेवणाची, पोरांची, म्हशीची — सगळ्याची गोडी. चेहराही आता त्याच्या ताब्यात नाही. असे रोगी मी पाहिलेत. त्याच्यावर रागावू नकोस.”

मला तिथल्या तिथे पटलं. वहिनी सांगत होतीच, चंद्रीच्या अंगावरून हातसुद्धा फिरवत नाहीत म्हणून. मी वैद्यबुवांना ‘बरं झालं सांगितलंत’ म्हणालो, आणि बाहेर पडल्यावर कुणाला काही बोललो नाही. गल्लीला नाही, वहिनीला नाही. का? गल्ली पहिल्यांदाच माझ्या बाजूने बोलत होती, ते सोडवेना? की न मिळालेलं ‘शाबास’ मी असं वसूल करत होतो? दोन्ही असेल.

वर्षभराने अण्णाने बोलावणं धाडलं. गोठ्याच्या कट्ट्यावर बसला होता. आवाज इतका खोल गेलेला की मला वाकून ऐकावं लागलं. ती हाळी आता चंद्रीलाही पोचली नसती.

“बाळू, मला कशातच काय वाटंना झालंय रं. चंद्री व्याली, तरी काय न्हाय. तुझं घर बघितलं तवा आनंद व्हायला पायजे, एवढं कळत हुतं. पर आतनं आलंच न्हाय. लोक म्हणत्यात मी जळतो. तुला बी तसंच वाटतंय व्हय?”

त्याने हात पुढे केला होता. वर उपरणं नव्हतं. बोटं उघडी थरथरत होती आणि ती का थरथरतात हे मला ठाऊक होतं. ‘न्हाय’ — एवढा एक शब्द. तो त्याला द्यायला माझं काय जात होतं?

मी म्हणालो, “व्हय.”

चेहरा हलला नाही त्याचा. हात तेवढा त्याने हळूच मागे घेतला आणि दुसऱ्या हाताखाली दाबून धरला — थरथर मला दिसू नये म्हणून.

त्यानंतर तो दोन वर्षं जगला. परवा पाडव्याला चंद्रीची रेडी सजून निघाली. शेजारी कुणीतरी म्हणालं, “जळक्या अण्णाच्या म्हशीची हाय न्हवं ही?”

मी मान हलवली. हो म्हणून.