देठाखाली वाटी असलेली अळंबी

श्रावणातल्या त्या दिवसाचा तास न् तास मला आठवतो. शहापूर तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळी दहाला सरकारी दवाखान्यातून डॉक्टरांचा फोन आला. रात्री अळंबीची भाजी खाल्लेलं एक जोडपं पहाटेपासून उलट्या-जुलाबांनी बेजार होतं. विषबाधेचा संशय होता.

फोन ठेवतो तोच शेणव्याच्या रस्त्यावर अळंबी विकणाऱ्या वाडीवरच्या बाईला लोक ठाण्यात घेऊन आले. जोडप्याने आदल्या दिवशी तिच्याकडूनच अळंबी घेतली होती. अर्धा तास मी एकच विचारत होतो, "कुठून आणली?"

"वारुळावरची हाय, सायेब. आमची पोरंबी तीच खातात."

हवालदाराने पंचनामा करून जोडप्याच्या घरून उरलेली कच्ची अळंबी आणली. कागदावर पसरताच बाई ताडकन उठली.

"यातली ही माझी नाय! माझ्या अळंबीचा देठ मुळीसारखा खोल जातो. हिच्या देठाखाली वाटी बघा, गळ्यात कडं बघा. जीव घेते ही. आमी हात नाय लावत."

मी जीप काढली आणि दवाखाना गाठला. खाटेवरच्या नवऱ्याला म्हटलं, "दोन जातींची अळंबी सापडली आहे. खरं सांगा."

त्याने मान खाली घातली. "भाजी वाढावी म्हणून थोडी मीच घरामागच्या झाडाखालून तोडली. काल मेव्हणा आला होता, त्यालाही त्या मिसळलेल्यातली पिशवीभर दिली. मुरबाडला राहतो तो. आज दुपारी करणार होते."

शेजारच्या खाटेवरून बायको ओरडली, "साहेब, माझी भाची चार वर्षांची आहे हो!"

साडेबारा वाजले होते. मेव्हण्याचा फोन लागेना. मुरबाड ठाण्याला कळवलं. तिथला अंमलदार मोटारसायकलवर सुटला. वीस मिनिटांनी त्याचा फोन आला, धापा टाकत.

"सर, ताटं वाढली होती! पोरीच्या हातातला घास मी काढून घेतला. कुणी खाल्लं नाही!"

मी व्हरांड्यातच ओरडलो, "वाचले!" नर्स धावत बाहेर आली.

संध्याकाळी जोडप्याला बरं वाटू लागलं, घरी सोडा म्हणाले. डॉक्टर ठाम होते. "हे बरं वाटणं फसवं असतं. यकृताला इजा नंतर दिसते." दोघांना मोठ्या रुग्णालयात हलवलं, म्हणून ते वाचले.

बाईला घरी सोडताना मी म्हटलं, "मावशी, मलाही ओळखायला शिकवा."

ती हसली. "तुमी नका शिकू, सायेब. शंका आली तर आमीबी फेकून देतो."

अर्धा तास मी तिला 'कुठून आणली' विचारत राहिलो. जोडप्याच्या घरची अळंबी आधीच मागवून 'ही कसली आहे' एवढं तिला विचारलं असतं, तर त्या पोरीच्या ताटात ती भाजी आलीच नसती. त्यानंतर संशयित समोर बसला, की त्याला काय ठाऊक आहे ते मी आधी विचारू लागलो.